जीवराम बॅट फिरवत नाही

१० फेब्रुवारी १९९२, सोमवार

आज लीलाधरने केबिनमध्ये बोलावलं. तीस वर्षं या पेपरात कुस्त्या लिहिल्या, तरी संपादकाने बोलावलं की मला अजून वाटतं, आज छडी. लीलाधर माझ्या धाकट्यापेक्षा लहान. बापाच्या जागी बसल्यापासून खुर्ची फिरवत बोलतो, त्यामुळे निम्मं वाक्य भिंतीलाच ऐकू जातं.

"नाना, कुस्त्या संपल्या."

"कोण म्हणतं? अमळनेरला परवाच..."

"वाचणारे संपले, असं म्हणतोय मी."

मग त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढे सरकवलं. त्याचा मेहुणा अमेरिकेत असतो, त्याने पाठवलेलं. तिथे बेसबॉल नावाचा खेळ आहे आणि खेळाडू पगारी. प्रत्येक खेळाडूने कुठल्या चेंडूला काय केलं याचा हिशेब ठेवतात आणि खेळाडू विकत घेताना मालक आकडे बघतात.

"आपण बैलाचे दात बघतो तसं," मी म्हणालो. तो हसला नाही.

यंदा यावलचे केळीचे व्यापारी बन्सीलालशेठ 'बनाना कप' नावाची सॉफ्टबॉलची स्पर्धा भरवताहेत. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. चेंडू मोठा, मैदान लहान. लीलाधरचं म्हणणं, दर सोमवारी सदर लिहा, अमेरिकेची पद्धत सांगा आणि आपल्या पोरांना लावून दाखवा. "जमलं तर उत्तम. नाहीतर नाना, आता आराम करा."

आमच्या गल्लीत ज्याने ज्याने आराम केला तो वर्षाच्या आत तिरडीवर गेला. मी पुस्तक काखेत मारून घरी आलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझी सातवी दोनदा राहिली. इंग्रजी सायकलच्या कॅटलॉगपुरतं येतं. तरी सहा दिवस डिक्शनरी घेऊन बसलो. डोळे गेले, पित्त वाढलं. सुंदरबाई म्हणाली, "एवढा अभ्यास तेव्हा केला असता तर आज कलेक्टरीणबाई म्हणून मिरवले असते."

जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे सदरात गडबड होणार नाही. पिचर चेंडू टाकतो. चेंडू टप्प्यातून, म्हणजे जमिनीतल्या प्लेटवरून गुडघा ते छातीच्या मधून गेला आणि फलंदाजाने सोडला, तर स्ट्राइक. बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक, आऊट. चेंडू टप्प्याबाहेरून गेला तर 'बॉल'. चार बॉल झाले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर; तीन बेस फिरून परत घरी, म्हणजे प्लेटवर, आला की एक धाव. सोडलेला चेंडू टप्प्यात होता की बाहेर, ते मागे उभा असलेला पंच ठरवतो.

अमेरिकेतला एक हुशार माणूस म्हणतो, जोरात मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण सामने जिंकून देतो तो, जो आऊट न होता बेसवर पोचतो. कसा पोचला याला महत्त्व नाही. वाचून बरं वाटलं. मीही आयुष्यात असाच पोचलो आहे.

१ मार्च, रविवार

बन्सीलालशेठच्या यावलच्या केळी संघाचा पहिला सामना जळगावात. टोपी विसरलो, डोकं तापलं, पण दिवस सोन्याचा निघाला. मला माझा खेळाडू सापडला.

जीवराम, वय सव्वीस. यावलला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. अंगाने शेवग्याची शेंग. त्याला सगळे 'खांब' म्हणतात, कारण तो बॅट खांद्यावर घेऊन उभा राहतो आणि फिरवतच नाही. आज तो चारदा आला, चारदा बॉल मोजून घेतले आणि चारदा पहिल्या बेसवर चालत गेला. पळालासुद्धा नाही. लोक हसत होते. मी मात्र ताठ बसलो. अमेरिकेतला हुशार माणूस ज्याच्याबद्दल लिहितो तो हाच! केवढी नजर! चेंडू हाताबाहेर निघायच्या आत ह्याला कळतं की हा टप्प्याबाहेर जाणार.

पंच धुळ्याकडचे आहेत, उखर्डू म्हणून. सोनगीरचे निवृत्त ड्रिलमास्तर. बन्सीलालशेठ आधी कुरकुरले, "धुळ्याचा पंच आपल्याला कसा परवडेल?" पण माणूस स्वच्छतेचा भोक्ता दिसला. जीवराम आला की वाकून ब्रशने प्लेट झाडतात, शिवाय जीवरामच्या बुटांवरूनही हात फिरवतात आणि मग कपाळाचा घाम पुसतात. जुन्या ड्रिलमास्तरांची शिस्तच वेगळी.

९ मार्च, सोमवार

सदर आलं. मथळा मीच दिला: 'न मारण्याची कला'. त्यात लिहिलं की अमेरिकेत दहापैकी चार वेळा बेसवर पोचणाऱ्याला बंगला आणि मोटार देतात, आणि आमचा जीवराम आत्तापर्यंत दहाच्या दहा वेळा पोचला आहे. वाचकांनी स्वतः हिशेब करावा.

चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "नाना, मग त्याला बॅट कशाला देता? छत्री द्या."

लोकांना नवीन विचार पचत नाही.

२२ मार्च, रविवार

भुसावळला सामना. जीवराम तीनदा आला आणि तीनदा आऊट. बॅट खांद्यावरच. उद्याच्या सदरात काय तोंड दाखवू?

चौकशी केली. दुपारी संघाला भरीत-पुरीचं जेवण होतं आणि जीवरामने चार वेळा भरीत मागून घेतलं. जड जेवणाने नजर मंदावते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. शिवाय सगळीच घडी विस्कटलेली. उखर्डू पंच तापाने पडलेले, त्यांच्या जागी भुसावळचाच कोणी पोरगेला पंच होता. त्याने प्लेट एकदाही झाडली नाही. असल्या बेशिस्तीत खेळाडूचं लक्ष कसं लागणार?

सदरात लिहिणार: 'आहार आणि आकडे'.

२ एप्रिल, गुरुवार

पुढच्या दोन्ही सामन्यांना उखर्डू पंच परत आले, भरीत बंद केलं, आणि जीवराम पूर्ववत. माझं निदान अचूक ठरलं.

बन्सीलालशेठ ऑफिसात आले. सोबत केळीचा घड, तो लीलाधरच्या टेबलावर. म्हणाले, "नाना, तुमच्या आकड्यांनी माझी झोप उडवली. जीवरामला तिसऱ्या नंबरावर पाठवतो. मगन त्याच्या मागे."

मगन म्हणजे त्यांचा हाणामारीवाला. चेंडू भिंतीपल्याड टाकतो. तासाभराने तोच जिना चढून आला. छाती दारात मावेना.

"नाना, मी होमरन मारतो. अन् तुम्ही लिहेल आहे, हा खांब माझ्याहून भारी?"

"मी नाही, आकडे म्हणतात."

"आकड्यांनी कधी बॅट धरेल आहे का?"

मी त्याला टक्केवारी समजावून सांगितली. त्याने पंख्याकडे बघत ऐकली आणि जाताना शेठजींच्या घडातली सहा केळी सोलून खाल्ली. मी खुर्ची भिंतीला टेकवून बसलो होतो. मारलं असतं तर निदान मागून आधार होता.

२० एप्रिल, सोमवार

सदरात पंचांवरही एक परिच्छेद टाकला. धुळ्याच्या संघाचे लोक "पंच आंधळा शे!" म्हणून फार ओरडतात, पण पंचाला शिव्या घालणं हा आमच्या भागात खेळाचाच एक नियम, त्याकडे कोण बघतो? मी लिहिलं, 'धुळे जिल्ह्याचा असूनही जळगावच्या खेळाडूला न्याय देणारा निःपक्षपाती पंच कसा असावा, तर उखर्डू यांच्यासारखा.' आयोजकांनी लगेच अंतिम सामन्यासाठी त्यांचंच नाव पक्कं केलं. माझ्या लेखणीला आता वजन आलं आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

अंतिम सामना १० मे, जळगाव. केळी संघ विरुद्ध धुळ्याचा मिरची संघ; त्यांचे मालक दोंडाईचाचे मिरचीवाले.

लीलाधर आज खुर्ची न फिरवता बोलला, म्हणजे गंभीर. "नाना, पहिल्या पानावर तुमच्या नावाने चौकट टाकतो. केळी संघ जिंकणार आणि जीवराममुळे जिंकणार. खरं ठरलं तर सदर कायमचं तुमचं. तुम्ही लिहाल तोवर."

"आणि नाही ठरलं तर?"

"तर मी खेळाच्या बातम्या बाहेरून मागवतो, आणि तुम्ही..."

"आराम," मी म्हणालो.

घरी येऊन सुंदरबाईला सांगितलं. ती म्हणाली, "घरात तर बसूच नका. मला दुपारी तुम्ही नसण्याची सवय आहे."

५ मे, मंगळवार, आखाजी

जीवरामच्या घरचं वातावरण कसं आहे यावर चार ओळी टाकाव्यात म्हणून त्याला म्हणालो, अक्षय तृतीयेच्या सणाला यावलला येतो. तो म्हणाला, "नाना, आखाजीला आई माहेरी जाते अन् मीबी तिच्यासंगं. तिकडेच या. सोनगीरले."

सोनगीर ऐकून माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. माझ्या डोक्यात होतं ते इतकंच, की हायवेवर एस.टी. नीट थांबेल की नाही.

एस.टी. थांबली. किल्ल्याखालच्या गल्लीत घर सापडलं. झोक्यावर पोरी गात होत्या, आत रसाची पातेली. जीवराम पाटावर बसलेला. आणि त्याच्यासमोर वाकून, त्याच्या पावलांवर हात ठेवून, तो हात कपाळाला लावणारा माणूस कोण? उखर्डू पंच!

मी उंबऱ्यातच बसलो.

खानदेशात जन्म गेला माझा. भाच्याच्या पाया मामाने पडायचं, हे मी मिसरूड फुटल्यापासून करत आलो आहे. माझा भाचा अट्टल उनाड, तरी दर आखाजीला त्याच्या मळक्या पायांना हात लावतो. आणि मैदानावर इतक्या वेळा तोच हात, तेच कपाळ बघून मी काय लिहिलं? स्वच्छता! घाम!

"जीवराम, हे तुझे मामा?"

"आईचे चुलत भाऊ ना, नाना."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

खरं आहे. आमच्याकडे एस.टी.त शेजारी बसलेल्यालाही आधी विचारतात, मामा कुठले? मग नाव. मी जीवरामला वय विचारलं, उंची विचारली, जेवण विचारलं, झोप विचारली. अमेरिकेच्या तक्त्यात जेवढे रकाने होते तेवढे सगळे भरले. त्यात मामाचा रकाना नव्हता.

जेवणानंतर उखर्डू मला ओट्यावर घेऊन बसले. मी आवाज चढवायचं ठरवलं होतं, पण माणूसच रडवेला.

"नाना, भाचा शे मना. त्याले आऊट कसं म्हणू? जीभच वळस नही. पाप लागी."

"मग पंचगिरी सोडा की मास्तर."

"सोडतच व्हतू. तं तुम्हीनच लिखं ना पेपरमा, निःपक्षपाती पंच म्हणीसन! आते मी नही म्हणू तं बठ्ठा लोक इचारतीन, का बरं? मना भाचानी इज्जत जाई." त्यांनी माझा हात धरला. "त्याले सांगा, बॅट फिराव म्हणा. त्यानी फिराई अन् चुकना, तं तो त्याना गुन्हा. माले काही बोलनंच नही. मी सुटनू."

"तुम्ही सांगा. मामा आहात."

"तो मनं ऐकस नही. तुमनं ऐकस."

७ मे, गुरुवार

दोन दिवस पित्त. जेवण नाही. सुंदरबाई म्हणते, सांजोऱ्या बाधल्या. तिला काय सांगू?

चौकट छापून आली आहे. मी गप्प बसलो तर उखर्डू बॉल म्हणत राहतील, जीवराम चालत राहील, केळी संघ जिंकेल आणि सदर माझं. गप्प बसणं अवघड नसतं. मी संसारात तेच केलं आहे. पण धुळ्याची पोरं? ती इतके दिवस "आंधळा, आंधळा" ओरडत होती आणि त्यांचंच खरं होतं. चव्हाट्यावर लिहावं तर उखर्डू गावात तोंड दाखवणार नाही. आणि त्यात मला काय मिळेल? आराम.

८ मे, शुक्रवार

यावलला जाऊन आलो. जीवराम औषधाच्या पुड्या बांधत होता. भिंतीवर माझं सदर, 'न मारण्याची कला', चौकटीत घालून लावलेलं. शेजारी गणपती. हार एकच, दोघांत मिळून.

"जीवराम, रविवारी बॅट फिरव."

तो हसला. "नाना, परीक्षा घेता का माझी?"

"खरंच सांगतो. फिरव."

"अन् चुकली तं?"

"चुकू दे."

"तुम्हीच तं लिहेल आहे," तो भिंतीकडे बोट करून म्हणाला, "सामान्य खेळाडूला बॅट फिरवण्याचा मोह होतो. असामान्य खेळाडू थांबतो."

वाक्य माझंच होतं. छान होतं. मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. तिथे चार पेशंट बसले होते. त्यांच्यासमोर, तुझी नजर नाही रे बाबा, तुझा मामा आहे, असं मला म्हणवेना. पोटासाठी एक पुडी घेतली आणि परत आलो.

१० मे, रविवार

नीट क्रमाने लिहितो.

मैदान भरलेलं. केळी संघाच्या लोकांनी केळीचे घड उंचावले होते, धुळ्याच्यांनी मिरच्यांच्या माळा. मी प्लेटमागच्या जाळीला लागून, शेजारी लीलाधर. उखर्डूंनी वाकून प्लेट झाडली, हात बुटांकडे गेला. मी नजर खाली घातली.

जीवराम दोनदा चालत गेला. शेवटचा डाव आला तेव्हा केळी संघ एका धावेने मागे. दोन आऊट, तिसरा झाला की खेळ खलास. तिन्ही बेसवर माणसं. आणि फलंदाज जीवराम. चार बॉल मिळाले की सगळे एकेक बेस सरकणार, तिसऱ्यावरचा फुकट घरी येणार, बरोबरी होणार, आणि पुढचा फलंदाज मगन. लीलाधरने माझी मांडी दाबली. "नाना, तुमचे आकडे!"

पहिला चेंडू छातीसमोरून. माझ्या चष्म्यातूनही दिसला. "बॉल!" धुळ्याची माणसं उठून उभी राहिली. दुसरा, कमरेसमोरून. "बॉल!" मिरच्यांची माळ जाळीवर येऊन आदळली. तिसरा. "बॉल," उखर्डू म्हणाले, पण आवाज असा, की कोणी मानगूट धरून वदवून घेत आहे. मग त्यांनी मान वळवली. मुखवट्याच्या जाळीतून, माझ्यासमोरच्या जाळीतून, त्यांचे डोळे माझ्यावर. पाणी होतं त्यांत.

मी कधी उठलो ते मला माहीत नाही.

"जीवराम! फिरव!"

लीलाधर म्हणाला, "नाना, काय करता? एकच बॉल हवाय!"

"फिरव म्हणतो ना! मी लिहिलं ते चुकीचं आहे! फिरव!"

जीवरामने माझ्याकडे बघितलं. आईने हात सोडलेल्या पोरासारखा चेहरा. चेंडू आला. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. हुकला. स्ट्राइक! उखर्डूंनी हात असा वर केला, जणू गोविंदाने हंडी फोडली.

दुसरा. हुकला. बन्सीलालशेठ माझ्या दिशेने काहीतरी फेकत होते, बहुतेक केळी.

तिसरा आला आणि ठक् झालं. लागला! चेंडू घरंगळत सरळ पिचरच्या पायाशी. त्याने सावकाश उचलला आणि जीवराम पोचायच्या आत पहिल्या बेसला दिला. तिथला पंच चाळीसगावचा, कोणाचा मामा नाही. त्याने आऊट दिलं. सामना संपला. धुळे जिंकलं.

पण जीवरामला कोणी सांगितलंच नाही. तो पहिला बेस ओलांडून तसाच पळत कुंपणापर्यंत गेला, बॅट हातातच. मग वळून दोन्ही हात वर. "लागला! नाना, लागला! बॅटीले लागला!"

मगन बॅट घेऊन आपल्या पाळीसाठी उभा होता. तो खाली बसला आणि हसत सुटला. मला वाटलं होतं, आधी मला मारेल.

११ मे, सोमवार

लीलाधर चिडला नाही, हे जास्त वाईट. खुर्ची पूर्ण भिंतीकडे फिरवून म्हणाला, "कारण तरी सांगा, नाना."

"मोह झाला," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

ड्रॉवर रिकामा केला. पेन, पित्ताच्या गोळ्या, बिनकाचेचा एक जुना चष्मा. अमेरिकेचं पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवलं.

१४ मे, गुरुवार

दुपारी चार वाजता पँट चढवली. पट्टा लावताना आठवलं की जायचं कुठे. सुंदरबाई बघत होती. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१७ मे, रविवार

सकाळी दारात जीवराम. संघातून त्याला काढलं आहे, पण चेहरा लग्नातल्यासारखा. मागे सायकल धरून उखर्डू.

"नाना, चला मैदानावर. मामा चेंडू टाकतात."

"मी काय करू तिथे?"

"पंच पाहिजे ना," उखर्डू म्हणाले. "मी टाकसू. पण बोलाले कोन्ही पाहिजे. माले तं..." त्यांनी जिभेकडे बोट केलं.

सुंदरबाईने आतून पिशवी आणि टोपी आणून दिली. मी मागितली नव्हती.

मैदान रिकामं. एक गाढव होतं, ते सावलीला गेलं. मी जीवरामच्या मागे उभा राहिलो. गुडघे वाकेनात, म्हणून उभ्यानेच. उखर्डूंनी चेंडू टाकला. जीवरामने जीव खाऊन बॅट फिरवली. हुकला. परत हुकला. तिसऱ्यांदा बॅटच हातातून सुटून गाढवाकडे गेली.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. ह्या पोराशी माझं नातं नाही, त्याची आई माझी कोणी लागत नाही, सोनगीरला माझं कोणी राहत नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि असा ओरडलो की गाढवाने कान टवकारले.

"आऊट!"

पित्त आज दिवसभर नाही.